अनुभव धागा: बार्थोलोम्यू ओगबेचेचा खेळ तुम्ही कुठे पाहिला?

नायजेरियातील ओगोजा येथे १९८४ साली जन्मलेला फुटबॉलपटू बार्थोलोम्यू ओगबेचे पॅरिस सेंट-जर्मेन या फ्रेंच क्लबमध्ये घडला, २००२ च्या विश्वचषकात वयाच्या सतराव्या वर्षी अर्जेंटिनाविरुद्ध पहिल्या अकरांत उतरला आणि पुढे फ्रान्समधील इतर क्लब, अमिराती, स्पेन, ग्रीस, इंग्लंड व नेदरलँड्स असा प्रवास करत २०१८ मध्ये, चौतिशीला टेकलेला असताना, भारतात आला. इंडियन सुपर लीग या भारतातील फुटबॉल लीगच्या पाच हंगामांत चार संघांकडून त्याने ६३ गोल केले. इतक्या ठिकाणी खेळलेल्या माणसाची कारकीर्द सलग पाहिलेला चाहता मिळणे अवघड आहे. बहुतेकांच्या वाट्याला त्यातला एखादाच टप्पा आला असणार. तो सविस्तर लिहावा. गोलांचे आकडे सर्वत्र मिळतात, म्हणून त्याचा खेळ प्रत्यक्षात कसा होता, यावर भर दिल्यास फार बरे होईल.

अंधेरी, मुंबई

मुंबई सिटीचा मी जुना पाठीराखा आहे. ओगबेचे आमच्याकडे आला तो २०२०-२१ चा हंगाम महामारीमुळे पूर्णपणे गोव्यात आणि प्रेक्षकांविना खेळवला गेला. त्यामुळे ज्या हंगामात आम्ही प्रथमच विजेते ठरलो, त्या हंगामातला आमचा आघाडीवीर आमचा शर्ट घालून अंधेरीच्या मैदानावर लीगचा एकही सामना खेळला नाही, याची हळहळ मला आजही वाटते.

त्या वर्षी त्याचे गोल आठच होते. मधल्या आघाडीवीराची जागा त्याला अ‍ॅडम ल फाँड्रेबरोबर वाटून घ्यावी लागत होती आणि आदल्या वर्षी केरळसाठी १५ गोल केलेल्या खेळाडूला ते सोपे गेले नसावे. तरीही महत्त्वाच्या क्षणी तो तिथे होता. साखळीतील शेवटच्या सामन्यात एटीके मोहन बागानला हरवल्याशिवाय साखळीतील अव्वल संघाला मिळणारी लीग शील्ड आमच्या हाती येणार नव्हती. आधी आमच्या मुर्तदा फॉलने गोल केला, मग फ्री किकवरचा चेंडू आडव्या खांबाला लागून परतला आणि ओगबेचेने तो डोक्याने आत घातला. दोन्ही संघांचे गुण सारखेच झाले, पण शील्ड आम्हाला मिळाली.

अंतिम सामन्यात पुन्हा तोच प्रतिस्पर्धी होता, नव्वदावे मिनिट चालू होते आणि बरोबरी सुटत नव्हती. गोलरक्षक पुढे धावून आला, पण त्याला चेंडू नीट दूर करता आला नाही. चेंडू ओगबेचेकडे आला. त्या क्षणी स्वतः फटका मारण्याचा मोह कोणालाही झाला असता. त्याने मान वर केली, चेंडू शांतपणे बिपिन सिंगकडे सरकवला आणि बिपिनने आम्हाला विजेतेपद मिळवून दिले. त्या एका पासमध्ये मला त्याची वीस वर्षांची जाण दिसते.

लेउवार्डन, नेदरलँड्स

शिक्षणासाठी येथे असताना मी त्याला इथल्या कांबूर क्लबच्या पिवळ्या-निळ्या पोशाखात पाहिले. सुमारे दहा हजार प्रेक्षकांचे ते आटोपशीर मैदान, बोचरा वारा आणि तळातून वर येण्याची धडपड करणारा संघ, असे ते दिवस होते. तेव्हाही तो फार पळत नसे. बचावपटूला पाठीवर घेऊन चेंडू थांबवायचा आणि इतरांना वर येऊ द्यायचे, हे काम तो न कुरकुरता करत असे.

वास्को, गोवा

आमच्या गच्चीवरून टिळक मैदानाचे दिवे दिसतात. त्या दोन हंगामांत दिवे समोर लागलेले असत आणि सामना मात्र आम्ही घरातल्या टीव्हीवर बघत असू, कारण प्रेक्षकांना आत सोडत नव्हते. २०२२ च्या जानेवारीत हैदराबादने ईस्ट बंगालला ४-० असे हरवले, तेव्हा ओगबेचेची हॅटट्रिक आमच्यापासून हाकेच्या अंतरावर झाली. माझे वडील साळगावकर-धेंपो या गोव्यातल्या क्लबांच्या जुन्या काळातले प्रेक्षक. त्यांनी मला चेंडू सोडून फक्त त्याच्याकडे बघायला सांगितले. बगलेतून क्रॉस येण्याआधी तो दोन पावले मागे, बचावपटूच्या नजरेआड जात असे आणि चेंडू सुटला की पुढे झेपावत असे. बचावपटूला एकाच वेळी चेंडू आणि तो दिसूच नये, यासाठीच ती दोन पावले असत. त्या हंगामात त्याने १८ गोल करून सर्वाधिक गोलांसाठीचा गोल्डन बूट जिंकला.

काचीगुडा, हैदराबाद

२०२२ चा अंतिम सामना पाहायला आम्ही गोव्यात फातोर्ड्याला गेलो होतो. प्रेक्षकांना अखेर प्रवेश मिळाला होता आणि केरळच्या चाहत्यांपुढे आम्ही मूठभर होतो. खरे सांगायचे तर त्या रात्रीचे नायक गोव्याचे दोघे होते: ८८ व्या मिनिटाला बरोबरी साधणारा साहिल तावोरा आणि पेनल्टीचे तीन फटके अडवणारा गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमणी. तरीही ओगबेचेच्या १८ गोलांशिवाय आम्ही अंतिम फेरीपर्यंत पोहोचलो नसतो.

मडगाव, गोवा

मी मुलांना फुटबॉल शिकवतो आणि वास्कोच्या सदस्यांनी वर्णन केलेली ती दोन पावले त्यांच्याकडून घोटून घेतो. ओगबेचेविषयी मला मनापासून आदर आहे. मात्र एक काळजी येथे मांडणे आवश्यक वाटते. माझ्याकडची चपळ मुले विंगरची, म्हणजे बगलेवरून खेळण्याची जागा मागतात, कारण वरच्या संघांत मधला आघाडीवीर परदेशीच असतो, हे त्यांनी पाहिलेले आहे. २०२१-२२ पासून मैदानावरील परदेशी खेळाडूंची संख्या पाचवरून चारवर आली, तरी क्लबांनी ती जागा सहसा सोडली नाही. ओगबेचेचा ६३ गोलांचा विक्रम २०२४ मध्ये सुनील छेत्रीने मोडला, याचा मला अतोनात आनंद झाला. परंतु छेत्रीही १९८४ चाच जन्मलेला आहे, आणि त्या आकड्याच्या जवळपास फिरकेल असा पंचविशीतला भारतीय आघाडीवीर मला अजून दिसलेला नाही.