विचारून काढलेला फोटो खोटा कसा?

घाटरस्ता:
काल इथे एकाने लिहिलं, "कॅमेऱ्याकडे बघणारा वारकरी म्हणजे मेलेला फोटो. न कळता निघतो तोच खरा." वाचून डोकं फिरलं. 'न कळता' म्हणजे काय, ते दिवे घाटात दिसतं. माउलींची पालखी चढत असते आणि कडेला सत्तर-दोनशेच्या, म्हणजे लांबूनच जवळचं टिपणाऱ्या, लेन्स लावून फोटोग्राफरांची रांग उभी. मुक्कामी टँकरखाली अंघोळ करणाऱ्या, ओलं लुगडं दोन टोकांना धरून वाळवणाऱ्या बायकाही त्याच लेन्समधून टिपतात. विचारलं तर ती नाही म्हणेल हे माहीत असतं, म्हणूनच विचारत नाहीत. उलट डोक्यावरचं तुळशीवृंदावन सावरून, पदर नीट करून, "काढ बाबा आता" म्हणणारी मावशी स्वतःला हवी तशी उभी राहते. त्यात खोटं काय?

पन्नासएमएम:
काल लिहिणारा मीच. अंघोळीचे फोटो काढणं नीचपणाच, पण त्याचं खापर कँडिडवर, म्हणजे न सांगता काढलेल्या फोटोवर का? फ्रेंच फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँने १९३२ साली पॅरिसच्या स्टेशनामागे डबक्यावरून उडी मारणारा माणूस टिपला. त्याला आधी विचारत बसला असता तर फोटो राहिला असता का? आणि फुगडी संपल्यावर "माउली, परत एकदा" म्हणत म्हाताऱ्या बायकांना दमवणारे कोण? तुमचे पोजवालेच ना?

सासवडकर:
हे मात्र खरं. आमच्याकडे पालखी मुक्कामाला असते. पायाला फोड आलेल्या आजींना लोक पुन्हा चालून दाखवायला लावतात.

रीळवाला:
फ्रेंच फोटोग्राफर द्वानोचा पॅरिसमधल्या चुंबनाचा फोटो, १९५०. जग तो कँडिड समजून भिंतीवर लावत होतं. त्या फोटोवरून १९९३ साली खटला झाला तेव्हा त्याने सांगितलं की जोडपं ठरवून उभं केलं होतं, दोघं नाटक शिकणारे विद्यार्थी. बघून काय कळतं तुम्हाला खरं-खोटं?

नवरीचीआई:
वारी राहू द्या बाजूला. लेकीच्या लग्नात आम्ही कँडिडचं पॅकेज घेतलं. अल्बमभर मेंदीचे हात, झुंबरं, पाठमोरी नवरी. सासूबाईंचा एकच फोटो, तोही पंगतीत, तोंडात घास असताना. त्या दिवाळीआधी गेल्या. हार घालायला धड फोटो नव्हता. शेवटी आधार कार्डावरचा मोठा करून आणला.

पन्नासएमएम:
वाईट वाटलं. पण मी लग्नांचेच फोटो काढतो, म्हणून बोलतो. घरच्यांच्या फोटोंची यादी आधी द्या म्हटलं की कुणी देत नाही. स्टेजवर आहेराची रांग दोन तास हलत नाही. आजींना खाली आणायला माणूस नसतो. मग सगळा दोष आमचा!

नवरीचीआई:
यादी मागितलीच नव्हती. आणि घरातली सगळ्यात म्हातारी बाई कोण, हे कळायला यादी लागते?

रीळवाला:
बिनतोड. पूर्वीचा गावातला फोटोग्राफर आधी आजी-आजोबांना खुर्चीत बसवायचा, मग बाकीचं.

पन्नासएमएम:
आणि त्या फोटोत सगळे फाशी दिल्यासारखे ताठ! पुरे आता. म्हाताऱ्या माणसांचा एक सरळ फोटो आधी घ्यायला हवा, एवढं मान्य.

घाटरस्ता:
आणि घाटात?

पन्नासएमएम:
घाटात आधी काढणार, मग जवळ जाऊन दाखवणार. नको म्हणाली तर तिच्यासमोर डिलीट. याहून जास्त मी मान्य करणार नाही.

घाटरस्ता:
चालत्या दिंडीत तेवढं चालेल. टँकरकडे मात्र कॅमेरा वळवायचाच नाही, दाखवायचा प्रश्नच येत नाही.