मदत हवी आहे: क्लबचं जुनं स्नूकर टेबल, लेकीची पुण्यातली मॅच, आणि आधी पैसे कशावर घालायचे?

नमस्कार मंडळी, सांगलीहून लिहितोय. स्नूकर खेळणारे, टेबल फिट करणारे, क्लब चालवणारे कोणी असतील तर प्लीज शेवटपर्यंत वाचा, पोस्ट लांबलीय पण अर्धवट सांगून उपयोग नाही.

माझी मुलगी १५ वर्षांची आहे, तीन वर्षं झाली स्नूकर खेळतेय. सांगली-मिरज रोडला पहिल्या मजल्यावर दोन टेबलांचा क्लब आहे, शाळा सुटली की रोज दीड-दोन तास तिथंच. आमच्या क्लबात ती मोठ्या पोरांनाही ऐकत नाही, एका खेपेत सलग ५२ गुणांचा ब्रेक आहे तिचा. मागच्या महिन्यात पुण्याला एका स्पर्धेला घेऊन गेलो आणि पहिल्याच मॅचला ३-० नं हरली. हरण्याचं काही नाही हो, समोरची पोरगी चांगलीच होती. पण हिचा लाल बॉल पॉट व्हायचा (पॉकेटमध्ये पडायचा) आणि पांढरा, म्हणजे काठीनं मारायचा बॉल, जिथं थांबायला पाहिजे त्याच्या दोन-अडीच फूट पुढं जाऊन उभा. निळ्यासाठी थांबवायला गेली तर पांढरा गुलाबीच्या मागं चिकटलेला. येताना एसटीत स्वारगेटपासून कराडपर्यंत एक शब्द बोलली नाही, कराड सुटल्यावर म्हणाली, "बाबा, माझा हातच बिघडलाय का?"

माझ्या मते हात बिघडलेला नाही, टेबलच वेगळं होतं. पुण्यात प्रॅक्टिसला तिनं बॉल्क कुशनवरून (खेळ सुरू करतात त्या टोकाच्या कडेवरून) ताकदीनं मारलेला पांढरा टेबलाच्या जवळजवळ पाच लांब्या गेला होता, मी मोजलं होतं. इथं तसाच मारला तर साडेतीनला दम सोडतो. मग रोज ती जास्त जोर लावायला शिकतेय आणि तोच जोर हातात बसलाय, हे मला तिथं बसल्या बसल्या दिसत होतं आणि करता काहीच येत नव्हतं.

आमचं कापड जाड आहे, किती औंसाचं ते मालकांनाही आठवत नाही. २०१९ च्या पुरात खाली दुकानात पाणी होतं, वर आलं नाही, पण लाईट नाही, खिडक्या बंद, आठ दिवस सगळं तसंच कोंडलेलं. तेव्हापासून ते कापड बदललेलं नाही. पावसाळ्यात त्यावर तळहात ठेवला की गार आणि किंचित चिकट लागतं, काळ्याच्या स्पॉटजवळ लव पार उडालीय आणि बॉल्कमध्ये अजून मांजराच्या पाठीसारखी आहे. म्हणजे एकाच टेबलावर दोन स्पीड!

मग मी बॉलच्या मागं लागलो. नियमात बॉल ५२.५ मिमी व्यासाचा आणि एका सेटमधल्या बॉलच्या वजनात ३ ग्रॅमपेक्षा जास्त फरक चालत नाही. सराफ कट्ट्यावर ओळखीचे आहेत, दुपारी गिऱ्हाईक नसताना सगळे बावीस बॉल पिशवीतनं घेऊन गेलो आणि त्यांच्या काट्यावर एकेक ठेवला. काळा १४२.६, बहुतेक लाल १४१ च्या आसपास, आणि पांढरा १३६.९! दोन लाल तर दुसऱ्याच सेटमधले निघाले, रंग जरा विटकरी आहे एवढंच आजवर वाटायचं. सराफ म्हणाले सोन्यात एवढी घट आली असती तर दुकान बंद करावं लागलं असतं.

तिसरी गोष्ट किक, म्हणजे बॉल एकमेकांना लागताना बसणारा विचित्र धक्का. मोबाईलवर स्लो मोशनमध्ये शूट केलं तर हळू मारलेल्या शॉटला पांढरा लालला लागताना चक्क उडी मारतो, साधा डोळ्याला दिसत नाही. बॉलवर हिरव्या चॉकचे ठिपके असतात, पुसले की कमी होतं. पुण्यात बरीच पोरं ते फिनलंडचं टाओम चॉक वापरत होती, त्याचा डाग कमी पडतो म्हणाली.

आमचे मार्करकाका (क्लबात स्कोअर मांडणारे) चाळीस वर्षं यात आहेत. ते म्हणतात जुने क्रिस्टलेट बॉल जड होते, सुपर क्रिस्टलेट आले आणि पांढरा बोलका झाला, मग बेल्जियमचे अरामिथ आले, कापडं पातळ झाली, मोठ्या स्पर्धांत टेबलाच्या दगडी स्लेटखाली हीटर आले, आणि खेळ ताकदीचा होता तो नजाकतीचा झाला. पहिला अधिकृत १४७ (एका खेपेतला सर्वात मोठा ब्रेक) जो डेव्हिसनं १९५५ मध्ये मारला, आज ती संख्या २०० च्या वर गेलीय. नुसती पोरं हुशार झाली म्हणून नाही, सामान पण सुधारलं. १८७५ मध्ये जबलपूरच्या छावणीत जन्मलेला खेळ आहे हा, आपल्या मातीतला म्हणायला हरकत नाही, आणि आपल्याच गावातल्या पोरांना चांगलं कापड मिळू नये याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता मुद्दा. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. मी ३० हजार घालू शकतो, मालक तेवढेच घालायला तयार आहेत, एकच टेबल नीट करायचं ठरलंय. कापड आधी, का बॉलचा सेट, का हीटर? का हे सगळं सोडून तिला नवीन क्यू (खेळायची काठी) घ्यावा? सध्याचा ॲश लाकडाचा आहे, टिप ९.५ मिमीची, तिला आवडतो. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगा, दुकानदाराचं ऐकून झालंय.

मिरजकर:
दादा, क्यूला हात लावू नका. तिला आवडतो ना, मग तो तिचाच. आणि कापडाच्याही आधी लेव्हल बघा. हळू सोडलेला बॉल एका बाजूला ओढतो का? स्लेट पाच तुकड्यांची असते, सांधा जरा जरी वर-खाली झाला तरी नवीन कापड घालून काय उपयोग, पैसे पाण्यात. गवंड्याची लेव्हल चालणार नाही, कुपवाड एमआयडीसीत कुठल्याही मशीन शॉपमधनं ०.०२ वाली (मीटरला ०.०२ मिमीचा फरक दाखवणारी) लेव्हल अर्ध्या दिवसासाठी मागून आणा. हीटर आत्ता नको, लाईट बिल मालकांना झेपणार नाही, ते बंद ठेवतील आणि तुमचे पैसे स्लेटखाली पडून राहतील. त्यापेक्षा रात्री टेबलावर कव्हर आणि पावसाळ्यात खोलीत डीह्युमिडिफायर.

पंचगंगा:
तुमच्या सराफ काट्यातच अर्धं उत्तर आहे. पांढरा चार-पाच ग्रॅम हलका असला की लालला फुल लागल्यावर जागेवर थांबत नाही, मागं सरकतो, स्क्रू (बॉल मागं ओढणारी फिरकी) पण फुकट मिळतो. तुमच्या मुलीला रोज थोडं पुढं ढकलायची सवय लागली असणार. तिकडं पांढरा बरोबरीचा मिळाला, वर पातळ कापड, म्हणून तो दोन फूट पुढं. नुसता पांढरा नवीन घेऊ नका, पूर्ण सेटच घ्या, तोही वजन जुळवलेला. आणि जुना सेट स्पर्धेच्या पोरांना देऊ नका, मालकांना सांगून दुसऱ्या टेबलाला ठेवा.

वाईची लेक:
मी कॉलेजला असताना खेळायचे म्हणून सांगते. टेबल होईल तेव्हा होईल, पुढच्या स्पर्धेला एक दिवस आधी घेऊन जा. पहिली दहा मिनिटं एकही पॉट करायचा नाही, फक्त पांढरा बॉल्कमधून वर मारून परत बॉल्क कुशनजवळ थांबवायचा, तीन वेगवेगळ्या ताकदीनं. हाताला टेबल कळतं. आणि तिला सांगा हात बिघडलेला नाही. हे तुमच्या तोंडून ऐकणं गरजेचं आहे, मला कोणी सांगितलं नव्हतं.

धागाकर्ता:
सगळ्यांचे मनापासून आभार. मिरजकर दादा, लेव्हल आणली. उजव्या मधल्या पॉकेटकडं उतार आहे आणि दुसऱ्या-तिसऱ्या स्लेटच्या सांध्यावर नख अडकतं, कापडावरनं सुद्धा! काकांनी तिथं बोट फिरवलं आणि नुसतेच बघत राहिले, इतकी वर्षं बॉल ओढतो तो तुमच्या हातामुळं असं ते पोरांना सांगत आले होते.

ताई, लेकीला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. काही बोलली नाही, पण संध्याकाळी क्लबात अर्धा तास फक्त बॉल्कमधनं वर आणि परत, तेच करत होती.

तर ठरलं असं की आधी लेव्हल आणि सांधे, मग कापड, उरलेल्यात बॉलचा सेट, चॉक तर मी लगेच घेतोय. फिटर गुरुवारी येतोय. फक्त एक सांगा, स्ट्रॅचन ६८११ या कापडात ३० औंसाचं घ्यावं का ३२ चं? स्पर्धेला ३० असतं म्हणून मन तिकडं जातंय, पण क्लबात दिवसभर पोरं खेळतात, ३२ जास्त टिकेल असं मालक म्हणतात. नदीकाठच्या दमट गावात ज्यांनी ३० वापरलंय त्यांनी बुधवारपर्यंत लिहा प्लीज.