आठ मिनिटं, एक सायकल आणि न परतलेली होडी

‘फादर अँड डॉटर’ (2000) पहिल्यांदा पाहिली ती एका रात्री, झोप येत नव्हती म्हणून. मिखाएल ड्युडॉक डे विट या डच दिग्दर्शकाचा हा ॲनिमेशन लघुपट. त्याला ऑस्करही मिळालं. जेमतेम आठ मिनिटं, संवाद एकही नाही. वडील लेकीचा निरोप घेऊन होडीतून निघून जातात. का, कुठे, सांगितलेलंच नाही. मुलगी सायकलवरून त्याच काठावर येत राहते: मैत्रिणींबरोबर, नवऱ्या-मुलांबरोबर, मग एकटी.

माझा जीव अडकला तो सुरुवातीलाच. होडीकडे उतरलेले वडील धावत परत वर येतात आणि लेकीला पुन्हा उचलून घेतात. बाबांना शेवटचं भेटले तेव्हा गाडीची वेळ झाली होती. मी दारातूनच हात हलवला. परत फिरले नाही.

तुमचा जीव कुठे अडकला? सावकाश लिहा.

*

म्हातारपणीची सायकल. ती उभी करते, सायकल पडते. पुन्हा उभी करते, पुन्हा पडते. शेवटी तशीच आडवी सोडून चालू लागते. शेवटच्या वर्षात आईला ब्लाउजचा हूक लावता येत नसे. बोटं चाचपडत राहायची. मी तिचे हात बाजूला सारून झटकन लावून द्यायचे. मला कसली घाई होती, आज आठवतही नाही. तिची बोटं मात्र आठवतात.

*

माझ्यासाठी संगीत. इव्हानोविचीचा ‘डॅन्यूबच्या लाटा’ हा जुना वॉल्ट्झ आहे तो. आता कुठेही कानावर पडला की हातातलं काम थांबतं.

*

शेवट मला आधी गोड वाटला होता. आता नाही वाटत. पाणी आटून गवत माजलंय, त्यात ती रिकामी होडी, आणि म्हातारी तिच्यात अंग मुडपून झोपते. पुढची गळाभेट खरी की स्वप्नातली, हे मी ठरवायचंच सोडून दिलंय. मला ते झोपणंच पुरतं.

*

मी त्या होडीतला माणूस आहे. लेक चार वर्षांची असताना नोकरीसाठी परदेशी गेलो. ‘पुढच्या वर्षी परत’ म्हणता म्हणता तिचं शिक्षण संपलं. ही फिल्म तिनेच पाठवली, सोबत एक अक्षर नाही. काय लिहावं, तीन दिवस सुचेना. शेवटी फोन केला.

“बाबा, पूर्ण पाहिलीत?”

“दोनदा.”

बराच वेळ दोघंही फोन धरून होतो.