टेनमोकू ग्लेझ: काठावर तांबूस रंग येत नाही, मदत हवी आहे

जपानी कुंभार शोजी हमादांची भांडी पाहून चाकावर बसले, त्यामुळे टेनमोकूचा, म्हणजे भांड्यावरच्या लोहयुक्त, काळ्या, काचेसारख्या लेपाचा (ग्लेझचा), ध्यास सुटत नाही. काठाशी ग्लेझ पातळ होतं तिथे गंजासारखा तांबूस रंग उमटायला हवा. माझे वाडगे मात्र काठापर्यंत सपाट काळे निघतात. स्टोनवेअर (जास्त तापमानाला भाजायची) माती, इलेक्ट्रिक भट्टी, कोन १० (भट्टीतल्या उष्णतेची पातळी), रेड आयर्न ऑक्साइड १० टक्के. ग्लेझ पातळ कालवलं तर अख्खा वाडगाच तपकिरी झाला. ऑक्साइड १२ टक्के केल्यावर धातूसारखी चकाकी आली, तीही नको. सावकाश थंड करून अजून पाहिलेलं नाही. गॅसभट्टी मिळण्यासारखी नाही, म्हणून कृपया रिडक्शन (भट्टीत ऑक्सिजन कमी ठेवून भाजणं) सुचवू नका. सिलिका कमी करून ग्लेझ जास्त वाहतं करावं, की बुडवून काढल्यावर काठ ओल्या स्पंजने पुसावा? इलेक्ट्रिक भट्टीत हे कुणाला जमलंय का, आणि नेमकं कशामुळे?