मदत हवी आहे: मिशी राहणार, हातांच्या केसांचं काय?

मी घरात साडी नेसतो, बायकोची ना नाही. अटी दोनच: मिशी काढायची नाही, भुवया कोरायच्या नाहीत. मान्य. पाय परकराखाली झाकले जातात; अडलंय हातांवर.

वॅक्सला केस निदान ५-६ मिमी वाढलेले लागतात, म्हणजे दोन वॅक्सच्या मध्ये खुंट मिरवत हिंडायचं. त्यात सोलापूरचा ४० अंशांपुढचा उन्हाळा. घाम आणि कपड्याच्या घर्षणाने केस कातडीखाली वळून पुळ्या उठतात. वस्तरा मारला तर दोन दिवसांत टोचतं. ही तक्रार बायकोची, आणि रास्तच!

तडजोड म्हणून ट्रिमरला ३ मिमीची कंगवी लावून, केसांच्या उलट दिशेने फिरवायचं ठरतंय. पण अर्ध्या बाह्यांच्या शर्टात मनगटाशी कापल्याची रेघ दिसू नये म्हणून शेवटचे चार बोटं अंतर ६ मिमीवर न्यावं का? की आणखी काही युक्ती आहे?