थंडीत इंजिन ऑइलचं तापमान ८५ अंशांच्या वर जातच नाही (ऑक्टाव्हिया व्हीआरएस, ग्वाल्हेर)

ठाठीपूरकर:
मंडळी, गाडी ऑक्टाव्हिया व्हीआरएस, २०१७ ची, २.० टीएसआय (टर्बो पेट्रोल), सेकंडहँड. मे महिन्यात ऑइल सहज १०५ दाखवायचं. तानसेन समारोह आटोपला, थंडी पडली आणि सगळे आकडेच बदलले. सकाळी सातला पारा ५ वर, कोहरा असा की गल्लीच्या तोंडावरचा ट्रान्सफॉर्मर दिसत नाही. कूलंटचा (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचा) काटा थोड्याच वेळात ९० वर जाऊन बसतो, ऑइल मात्र तेव्हा कसंबसं ५५. त्याआधी तर आकडाही नाही, नुसत्या दोन रेघा. रविवारी मुरैन्याला गजक आणायच्या निमित्ताने जरा मोकळी सोडतो म्हटलं, तर हायवेवर धुक्यात ६० चा वेग आणि ऑइल ८४-८५ ला जाऊन थांबतं.

बाबांचं म्हणणं, दहा मिनिटं चालू करून उभी ठेव. शेजाऱ्यांचं म्हणणं, ट्रकवाले लावतात तशी ग्रिलपुढे बोरी (पोतं) लाव. मेकॅनिक म्हणतो ५डब्ल्यू-४० ग्रेडचं तेल काढून थंडीत पातळ राहणारं ०डब्ल्यू-४० टाका. कोणाचं ऐकू?

दौलतगंजचे काका:
बाबांचं ऐका. आमची पद्मिनी गाडी जानेवारीत चोक ओढून पाच-दहा मिनिटं घरघरल्याशिवाय फाटकाबाहेर पडत नसे. नाही तर पहिल्याच वळणावर बंद.

टेस्टबेड:
काका, पद्मिनीला कार्ब्युरेटर होता म्हणून ते लागायचं. इंजेक्शनच्या गाडीला उभं ठेवून फायदा नाही, उलट नुकसान. लोड नसल्यामुळे तेल तापत नाही आणि गार इंजिनात जास्तीचं पेट्रोल जातं ते सिलिंडरच्या भिंतीवरून खाली तेलात उतरतं. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये हे जास्तच.

मी मूळचा ग्वाल्हेरच्याच लष्कर भागातला, हल्ली पुण्यात इंजिन टेस्टिंगला आहे. थंड स्टार्टला ऑइल प्रेशरचा आकडा बघून लोक खूश होतात. तो आकडा मोठा असतो कारण तेल घट्ट असतं, भरपूर वाहतंय म्हणून नाही. तेल फारच घट्ट असेल तर फिल्टरचा बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि काही तेल न गाळताच पुढे जातं. अशा वेळी पाय दाबला की पहिला त्रास टर्बोच्या बेअरिंगला. म्हणून कूलंटचा काटा विसरा, ऑइलचा आकडा बघा. त्या दोन रेघा म्हणजे बिघाड नाही. ५० च्या खाली तुमची गाडी आकडा दाखवतच नाही.

माझा हिशेब असा: स्टार्ट केली, बेल्ट लावला, काच पुसली, निघालो. ऑइल ६० अंशांपर्यंत येईतो २५०० आरपीएमच्या वर नाही, पण वरच्या गिअरमध्ये रडवायचीही नाही. ८० पर्यंत ३५००, पाय अर्धाच. ९० झाल्यावर हवं ते करा, फक्त गिअरबॉक्सचं तेल त्याहून उशिरा तापतं हे ध्यानात ठेवून.

बोरी अजिबात नको. तुमचा ऑइल कूलर फिल्टरच्या हाउसिंगला लागून आहे आणि त्यात कूलंट फिरतं, बाहेरची हवा नाही. सकाळी तोच कूलंट तेलाला तापवतो. ग्रिल झाकली तर टर्बोची हवा गार करणारा इंटरकूलर गुदमरेल. ज्यांनी पुढे हवेवर चालणारा वेगळा कूलर बसवलाय, तोही थर्मोस्टॅटशिवाय, त्यांनी थंडीत तो अर्धा झाकला तर ठीक.

ग्रेडचं म्हणाल तर ५डब्ल्यू तेलाची स्टार्टिंगची चाचणी उणे ३० अंशांवर होते, ०डब्ल्यूची उणे ३५ वर. ग्वाल्हेरच्या ५ अंशांना दोन्ही पुरून उरतात. डब्यावर व्हीडब्ल्यू ५०२ ०० (फोक्सवॅगनचं तेलाचं मानांकन) लिहिलंय ना, एवढं बघा. मेकॅनिकला तेल विकायचंय.

८५ वर थांबतं ते ठीकच आहे. धुक्यात ६० ने जाताना इंजिनला कामच काय असतं? ते वाढवायला कोहऱ्यात गाडी पळवू नका, पुढे न दिसणारी ट्रॉली असते.

ठाठीपूरकर:
धन्यवाद, बोरी रद्द. बाबांना समजावणं तुमच्यावर सोपवतो. एक राहिलं: आठवडाभर गाडी फक्त सिटी सेंटरपर्यंत जाते-येते, जेमतेम पंधरा मिनिटं. काल ऑइलचं झाकण उघडलं तर आतून पिवळसर मलईसारखा थर.

टेस्टबेड:
ही खरी गोष्ट तुम्ही शेवटी सांगितलीत! एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं. बहुतेक सायलेन्सरमधून जातं, थोडं रिंगांच्या फटीतून खाली उतरून तेलात मिसळतं. तेल नीट तापलं तर वाफ होऊन निघून जातं, पंधरा मिनिटांत तेवढं तापत नाही. थंडीपेक्षा या छोट्या फेऱ्याच तेलाला जास्त खातात. आठवड्यातून एकदा, ऊन पडल्यावर, दतियापर्यंत जाऊन या. आणि तेल किलोमीटरवर नाही, वर्षावर बदला. तुमच्या वापराला मी तर आठ महिन्यांतच बदलेन.

थर पुसून टाका. डिपस्टिकवरचं तेल स्वच्छ असेल आणि कूलंटची पातळी जागेवर असेल तर काळजी नाही. डिपस्टिकवरही दुधट दिसलं किंवा कूलंट कमी होत असेल, तर गाडी चालवू नका, आधी हेड गॅस्केट आणि तो ऑइल कूलर तपासून घ्या.

दौलतगंजचे काका:
दतियाला जाणार असाल तर तिथल्या पीतांबरा पीठाच्या मंदिराला शनिवार टाळा, पार्किंग मिळत नाही.