मदत हवी आहे: पाहुण्या कलाकाराच्या सिरॅमिक कार्यशाळेला जाण्याआधी काय काय विचारून घेऊ?

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात चार दिवसांच्या सिरॅमिक कार्यशाळेला नाव नोंदवलंय. शिकवायला बाहेरून एक कलाकार बाई येणार आहेत. चार दिवस शिकवतील आणि पाचव्या दिवशी पुढच्या मुक्कामी. त्यांचं काम आजवर फक्त फोटोंत पाहिलंय, आणि खरं सांगायचं तर मी कानांसाठी चालले आहे. म्हणजे त्यांच्या कपांच्या कानांसाठी! कपातूनच फुटल्यासारखे दिसतात, मागाहून चिकटवल्यासारखे नाही.

मी दीड वर्ष चाकावर बसतेय. दहापैकी आठ वेळा माती मध्यावर येते, वीतभर उंचीचा सिलिंडर निघतो. त्यामुळे अगदीच नवखी नाही.

धास्ती आहे ती मागच्या अनुभवाची. गेल्या वर्षी अशीच तीन दिवसांची कार्यशाळा केली होती. शिकवणारे गृहस्थ हाडाचे कलाकार, पण तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ते निघाले तेव्हा आमचा सगळा माल फळीवर ओलाच होता. वाळवणं, पहिली भाजणी, झिलई (भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप), दुसरी भाजणी हे सगळं नंतर कुणीतरी उरकलं. तीन आठवड्यांनी खोकं हातात पडलं. नऊ वस्तूंपैकी दोन कपांचे कान वरच्या सांध्याशी चिरलेले. बाहेरून केसाएवढी रेघ, पण नखाने टिचकी मारली की आवाज बद्द. एका वाडग्याच्या बुडाला एस आकाराची चीर. आणि बरणीचं झाकण झिलईने असं काही धरलं होतं की बरणी कायमची बंद! आत मातीचा एक खडा राहिलाय. मुलीने तिचा खुळखुळा केलाय.

चुकलं कुठे? माझ्या हातात, वाळवण्यात की भट्टीत? हे विचारायला तिथे कुणीच नव्हतं.

म्हणून यंदा आधीच विचारतेय. आयोजकांकडून कोणत्या गोष्टी वदवून घ्याव्यात? दुसरं म्हणजे, या बाई घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने चाक फिरवतात असं दिसतंय आणि माझा हात उलट्या दिशेचा आहे. चार दिवसांसाठी दिशा बदलावी का? आणि तिसरं, पत्रकात लिहिलंय की एकदा भाजलेली भांडी आणली तर झिलईच्या सत्रात वापरता येतील. माझ्याकडे लाल मातीची सात-आठ पडून आहेत. नेऊ का?

जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद

तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तिथे दुसऱ्यांचंही नुकसान होऊ शकतं. आधी विचारा की दुसरी भाजणी किती तापमानाला आहे. बऱ्याच लाल माती ११०० अंशांच्या आसपास पक्क्या होतात. स्टोनवेअरची, म्हणजे जास्त तापमानाला भाजायच्या मातीची भट्टी कोन ६ ला (कोन हे भाजणीचं माप) म्हणजे साधारण १२२० पर्यंत जाते आणि कोन १० ला १२८० च्या वर. तिथे तुमचा वाडगा बसकण मारेल, नाहीतर वितळून फळीवर पसरेल. शेजारच्याची भांडी आणि भट्टीची फळी, दोन्ही गेली. मातीच्या पिशवीवर कोन छापलेला असतो. तो माहीत नसेल तर नेऊ नका. कोन नुसतं तापमान सांगत नाही, किती वेळ तापवलं तेही त्यात येतं, म्हणून आकडा अंशांत न विचारता कोनमध्येच विचारा.

झाकणाबद्दल: जिथे झाकण आणि बरणी टेकतात तिथली झिलई ओल्या स्पंजाने पुसून काढायची असते. ते झालं नाही. तुमचा हात निर्दोष आहे.

प्रतिसाद

कानांबद्दल मला वेगळं वाटतं, तिथे हात निर्दोष नसावा. :) ओल्यापासून शेवटच्या भाजणीपर्यंत स्टोनवेअर साधारण १० ते १३ टक्के आकसतं. कप आधीच कडक झालाय आणि कान ताजा ओढून लावला, तर कान जास्त आकसणार आणि सांध्याशी ताण येणार. शिवाय कान बारीक, चहूबाजूंनी हवा लागते, तो कपाच्या आधी सुकतो. मी कान लावल्यावर त्यावर प्लास्टिकची पट्टी गुंडाळते आणि कप दोन दिवस पिशवीत ठेवते, म्हणजे दोघांचा ओलावा सारखा होतो. तीन दिवसांच्या कार्यशाळेत दुपारी कान लावून रात्री पंख्याखाली फळी ठेवली असेल, तर झालंच.

एस आकाराची चीर म्हणजे बुडाची माती नीट दाबली गेली नाही. भिंत वर ओढताना कडेची माती दाबली जाते, मधली तशीच सैल राहते. भिंत ओढण्याआधी बुडावरून लाकडी पट्टी मध्यातून कडेकडे आणि पुन्हा मध्याकडे, चार-पाच वेळा फिरवा. आणि भांड्यात पाणी साचू देऊ नका.

अवांतर: "हवेचा बुडबुडा राहिला की भांडं फुटतं" असं पाहुणे हमखास सांगतात. फोडते ती आत राहिलेल्या पाण्याची वाफ. ठणठणीत वाळलेलं भांडं बुडबुड्यासकट भाजून निघालेलं मी पाहिलंय. माती मळायची ती चाकावर त्रास होऊ नये म्हणून.

प्रतिसाद

दिशा बदलू नका. चार दिवसांतले दोन त्यातच जातील. जपानी पद्धतीत चाक बहुधा काट्यांच्या दिशेने फिरतं, पाश्चात्त्य स्टुडिओंत उलट. दोन्हीकडे उत्तम भांडी होतात. परवानगी घेऊन प्रात्यक्षिकाचा व्हिडिओ घ्या आणि फोनमध्ये आडवा उलटवा, आरशात दिसतं तसा. हात आपोआप तुमच्या बाजूला येतात. नाहीतरी कान ओढायला चाक लागतच नाही!

आता थोडं स्पष्ट बोलते. तुम्ही नऊ वस्तू घरी नेल्यात हीच चूक. पाहुणा असताना मिळतात ते त्याचे डोळे, भट्टी नाही. चार दिवसांत तीस कान ओढा, पंधरा कपांना लावा आणि त्यांच्यादेखत तारेने उभे कापा. सांधा आतून धरलाय की नाही हे ओल्या कापात लगेच दिसतं, त्यासाठी तीन आठवडे थांबावं लागत नाही. नुसत्या पाहण्यातून काय मिळतं ते बघा: १९५२ साली जपानी कुंभार शोजी हमादा, इंग्रज कुंभार बर्नार्ड लीच आणि जपानी लोककलेचे अभ्यासक यानागी अमेरिकेच्या दौऱ्यात मोंटानातल्या आर्ची ब्रे फाउंडेशन या सिरॅमिक केंद्राला गेले होते. तिथे पीटर वोल्कोस हा तरुण कुंभार त्यांना काम करताना पाहत होता. पुढे त्याने जे केलं, फाडलेले, रचलेले, ठोकलेले प्रचंड आकार, त्यात हमादाच्या भांड्याची नक्कल शोधून सापडत नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. कापायचं वाचून आधी पोटात गोळा आला, पण पटलं.

आज आयोजक बाईंना फोन केला. भट्टी कोन ६ ची आहे, म्हणजे माझी लाल मंडळी घरीच. पहिली भाजणी कार्यशाळा संपल्यावर दहा दिवसांनी, तोवर भांडी प्लास्टिकखाली. कोण झाकणार, कोण उघडणार असं विचारल्यावर पलीकडे जरा शांतता पसरली. मग त्या म्हणाल्या, "तुम्हीच का येत नाही?" एक दिवसाआड जाणार आहे. झिलईसाठी त्या स्वतःच्या मातीच्या, आधी भाजलेल्या फरशा देणार आहेत. प्रत्येकीच्या मागे झिलईचं नाव कशाने लिहू, पेन्सिल भट्टीत उडते ना?

प्रतिसाद

उडते. आयर्न ऑक्साइड पाण्यात कालवून बारीक ब्रशने लिहा, तपकिरी अक्षरं राहतात. मागच्या बाजूला झिलई लागू देऊ नका, नाहीतर फरशी फळीला चिकटेल.